व्हिडिओच्या खाली आमचे नाव

प्रश्न असा होता: ज्या सोशल मीडियावर खोटे व्हिडिओ सर्रास फिरतात आणि तक्रार करूनही काढले जात नाहीत, तिथे मोठ्या कंपनीने जाहिरात करावी की करू नये? या विषयावर मी मीटिंगमध्ये बोलले होते, एकदा प्रेझेंटेशनही केले होते. पण तो प्रश्न मला खऱ्या अर्थाने विचारला गेला लासुर्ण्यातल्या एका पेंडीच्या दुकानात. विचारणाऱ्याने हातातला मोबाईल माझ्यापुढे धरलेला होता.

"बघा मॅडम," युनूसभाई म्हणाले. "वर मी हाय. खाली तुमी हायसा."

आधी दोघांची ओळख करून देते. मी बारामतीच्या एमआयडीसीत एका पशुखाद्य कंपनीचा जाहिरात विभाग सांभाळते. त्यापूर्वी काही वर्षे मी शाळेत शिकवत होते. त्यामुळे कोणतीही गोष्ट पायरीपायरीने समजून घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. आमची कंपनी अनेक राज्यांत माल विकते, मुख्य कार्यालय पुण्यात आहे. गाई-म्हशींसाठी आम्ही दाणेदार खाद्य बनवतो. शेतकरी त्याला कांडी म्हणतात, किंवा नुसतेच पेंड.

युनूसभाई तांबोळी हे आमचे लासुर्ण्याचे डीलर. दुकानाला लागूनच त्यांचे दूध संकलन केंद्र आहे. लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येतात आणि परत जाताना गाडीवर पेंडीचे पोते टाकून नेतात. एका फेरीत दोन कामे होतात. त्या सकाळी मात्र लोक दूध घालून सरळ निघून जात होते. पोत्यांची थप्पी जशीच्या तशी होती.

मोबाईलवरच्या व्हिडिओत एक मेलेली गाय दिसत होती. नंतर एक माणूस दिसला. तो सांगत होता की ही गाय पेंडीतल्या युरियाने मेली. डीलर पोती उसवतो, आत युरिया मिसळतो आणि पुन्हा शिवतो. "ही माणसं आपली जनावरं मारायला बसली आहेत," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. 'ही माणसं' म्हणजे कोण, ते त्याने सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. त्या वाक्याच्या वेळी पडद्यावर युनूसभाईंच्या दुकानाची पाटी होती, नावासकट.

आणि त्या पाटीच्या खाली एक हिरवी पट्टी होती. पट्टीवर आमच्या कंपनीचे नाव, गाभण गाईंसाठी नुकत्याच बाजारात आणलेल्या खाद्याचे पोते, आणि 'तुमच्या गोठ्याची काळजी, आमची जबाबदारी' हे वाक्य. ते वाक्य मीच मंजूर केलेले होते.

"हा बाबा पैल्यांदा बोंबलला तवा लोकं हसली," युनूसभाई म्हणाले. "कोण कुठला, त्याला काय म्हाईत? पण खाली तुमचं नाव दिसल्यापासनं म्हणत्यात, कंपनीच सांगतीय. आता मी काय बोलायचं?"

"युनूसभाई, ती जाहिरात आहे. व्हिडिओ वेगळा, जाहिरात वेगळी."

"ते तुमाला कळतं. मला बी कळतं." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. "हितं जत्रेचा फ्लेक्स छापायचा असला तर पोरं आधी येत्यात. चाचा, खाली तुमचं नाव टाकू का, म्हणून इचारत्यात. मी वर कुणाचा फोटू हाय ते बघतो, मग व्हय म्हणतो. तुमाला कुणी इचारलं न्हाय का?"

खरे उत्तर 'नाही' असे होते, आणि ते आमच्या बाजूने जाणारे नव्हते.

"तुमची अपेक्षा काय आहे?" मी विचारले.

"पोलिसांत जायचं न्हाय मला. त्याच्याशी भांडायचं बी न्हाय. तुमचं नाव तेवढं त्याच्या खालनं काढा. बाकी माझं मी बघतो."

मागणी एवढीच होती. ती पूर्ण झाली नसती तर युनूसभाईंचे दुकान काही महिन्यांत बंद पडले असते, आणि ते बंद पाडायला आमच्या नावाचा हातभार लागला असता.

पहिली पायरी म्हणजे आरोप तपासणे. डीलर आपल्या ओळखीचा आहे म्हणून तो निर्दोष, असे धरून चालत नाही. मी दुकानातली बंद पोती आणि उघडी पोती, दोन्हींतले नमुने काढून प्लांटच्या लॅबमध्ये पाठवले. प्रत्येक उत्पादनातले थोडे खाद्य आम्ही कारखान्यात जपून ठेवतो, त्याला राखीव नमुना म्हणतात. त्याच्याशी दुकानातले नमुने ताडून पाहिले. फरक नव्हता. बाहेरून घातलेला युरिया कुठेही सापडला नाही.

मग मी गाईच्या मालकाकडे गेले. सणसरच्या बाजूला वस्तीवर राहणारा तो साधा माणूस होता. व्हिडिओचे नाव काढताच तो हात झटकत म्हणाला, "म्या कुठं कुणाचं नाव घेतलं? गाय गेली, तिचा फोटू ग्रुपवर टाकला, यवढंच. तो बोलणारा कोण हाय, मला म्हाईत बी न्हाय. गाय दावं तोडून ज्वारीच्या खोडव्यात शिरली हुती."

त्या वाक्यात सगळे आले. कापलेल्या ज्वारीला जे कोवळे फुटवे येतात, ते विषारी असू शकतात. जनावराने ते खाल्ले की ते थोड्याच वेळात पडते. आमच्याकडे त्याला किरळ लागणे म्हणतात. गाय तपासणाऱ्या डॉक्टरांनीही मला तेच सांगितले. म्हणजे आरोप खोटा होता, आणि तो खोटा आहे हे मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याला कुणी विचारलेच नव्हते.

दुसरी पायरी तक्रार. व्हिडिओखाली 'रिपोर्ट' नावाचे बटण असते. ते मी दाबले, कारण लिहिले, लॅबचा निष्कर्ष जोडला. उत्तर आले की हा व्हिडिओ प्लॅटफॉर्मच्या नियमांचे उल्लंघन करत नाही. उत्तराची भाषा पाहून ते कुणा माणसाने लिहिले असावे असे वाटले नाही. या प्लॅटफॉर्मबद्दल अशा तक्रारी मी पूर्वीही ऐकल्या होत्या.

तिसरी पायरी म्हणजे आमची जाहिरात तिथे गेली कशी, हे शोधणे. आमच्या जाहिराती इंटरनेटवर लावण्याचे काम पुण्याची एक एजन्सी करते. तिथली सायली नावाची मुलगी आमचे काम पाहते. हुशार आहे आणि फोन लगेच उचलते.

"मॅम, टेक्निकली आपण त्या व्हिडिओवर जाहिरात दिलेलीच नाहीये," ती म्हणाली. "आपण ऑडियन्स विकत घेतलाय."

"म्हणजे आपण जागा घेतलेली नाही, माणसे घेतली आहेत."

"एक्झॅक्टली."

"मग जागा कोण ठरवते?"

"सिस्टिम."

वाचकांसाठी हे जरा उलगडून सांगते. इंदापूरच्या बाजारात डाळिंबाचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी आधी क्रेट उघडून पाहतो, वरचा थर बाजूला करून खालचा माल बघतो, आणि मग बोली लावतो. इंटरनेटवर जाहिरातीचाही लिलाव होतो. तुम्ही व्हिडिओ उघडता, त्या निमिषात तो होऊन जातो. मात्र इथे बोली लावणाऱ्याला क्रेट दिसत नाही. त्याला फक्त एवढे कळते की इंदापूर तालुक्यातला, गाई पाळणारा, मध्यम वयाचा एक पुरुष मोबाईल पाहतो आहे. तो काय पाहतो आहे, त्याची खात्री करायला कुणी थांबत नाही. त्यावर आमची बोली मोठी ठरली की आमची पट्टी तिथे लागते.

आणखी एक बाब होती. आम्ही सिस्टिमला सांगून ठेवले होते की गाय, दूध आणि पेंड या विषयांच्या व्हिडिओंना प्राधान्य दे. त्या व्हिडिओत गाय होती, पेंड होती, आणि पाहणारे सगळे आमचेच गिऱ्हाईक होते. म्हणजे आमचे नाव तिथे चुकून गेलेले नव्हते. आमची योजना जितकी नेमकी होती, तितकेच ते तिथे जाणे निश्चित होते.

"मी ते पेज ब्लॉक लिस्टमध्ये टाकते," सायली म्हणाली. ब्लॉक लिस्ट म्हणजे 'इथे आमची जाहिरात लावू नका' अशा जागांची यादी. तिने त्याच दिवशी ते केले. मला वाटले, काम झाले.

त्याच आठवड्यात युनूसभाईंचा पुन्हा फोन आला. तोच व्हिडिओ दुसऱ्या दोन पेजवर चढला होता, आणि दोन्हीकडे हिरवी पट्टी होती. सायलीने तीही पेजेस बंद केली. मग तो आणखी कुठे तरी उगवला. आमची यादी वाढत चालली होती आणि व्हिडिओ तिच्याही पुढे होता.

आता निर्णय माझ्या पातळीवरचा राहिला नाही. मी पुण्याला रणदिवे सरांना फोन केला. ते आमचे मार्केटिंगचे प्रमुख. माणूस सरळ आहे, पण नव्या मालाच्या जाहिरातीचा हंगाम असताना त्यांना 'थांबवा' हा शब्द आवडत नाही.

"वैशाली, एका व्हिडिओसाठी प्लॅटफॉर्म सोडायचा?" ते म्हणाले.

"सर, व्हिडिओ एक आहे. डीलरही एकच आहे. पण तो आपला डीलर आहे."

"मान्य. पण विचार कर. शेतकरी तिथे आहे, म्हणून आपण तिथे आहोत. आपण निघालो तर ती जागा उद्या दुसरी कंपनी घेईल. व्हिडिओ काही जाणार नाही. आणि इंटरनेटवर कोण काय बोलतं यावर पहारा ठेवणं हे आपलं काम आहे का? आपण पेंड विकतो."

हे मुद्दे खोटे नव्हते. ते मी आजही खोडून काढू शकत नाही. पण पुढे ते जे म्हणाले, त्यापाशी मी थांबले.

"आणि लोक इतके भोळे नसतात. जाहिरात वेगळी आणि व्हिडिओ वेगळा, हे आता सगळ्यांना कळतं."

"सर, हे आपण तपासले आहे का?"

"त्यात तपासायचं काय?"

"तुम्ही म्हणता ते बरोबर असेल, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण हे तपासता येण्यासारखे विधान आहे."

ते हसले. "तू अजून शाळेतच आहेस. बरं, तपास. तोपर्यंत कॅम्पेन चालू राहील."

शाळेत एक गोष्ट मी शिकले होते. मुलांना 'समजले का?' असे विचारले की सगळा वर्ग 'हो' म्हणतो. समजले की नाही हे पाहायचे असेल, तर उत्तर न सुचवणारा प्रश्न विचारावा लागतो. म्हणून मी युनूसभाईंचा व्हिडिओ वापरायचा नाही असे ठरवले. तो दाखवत फिरले असते तर त्याचा प्रसार मीच केला असता. मी ऊस लागणीचा एक निरुपद्रवी व्हिडिओ घेतला. त्याच्या खाली एका पंपाच्या कंपनीची जाहिरात होती. सणसर, लासुर्णे आणि वडगाव निंबाळकर इथल्या दूध केंद्रांवर सकाळी जाऊन मी लोकांना तो दाखवायचे आणि एवढेच विचारायचे: "हा व्हिडिओ कुणाचा?"

कॉलेजात जाणारी मुले झटकन चॅनेलचे नाव सांगत. वडीलधारी माणसे मोबाईल जरा लांब धरत, पडद्याच्या तळाशी बोट टेकवत आणि म्हणत, "ह्यांचा की. नाव हाय न्हवं खाली." पंपाच्या कंपनीचा त्या व्हिडिओशी काडीचाही संबंध नव्हता.

वडगावात दुधाची किटली घेऊन आलेल्या एका बाईंनीही तेच उत्तर दिले. मी जरा पुढे विचारले, "काकी, तळाशी नाव आहे म्हणजे व्हिडिओ त्यांचाच असतो का?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "मग? चौकातला फ्लेक्स बघितला न्हाय का? वर ज्याचा वाढदिवस त्याचा फोटू, खाली शुभेच्छुक. उगं कोण कुणाच्या खाली नाव घालंल? माझ्या दिराचं नाव एकदा न इचारता घातलं तर घरात भांडणं लागली हुती."

"का बरे?"

"वर फोटू कुणाचा हुता ते सांगू का आता हितं? सगळी ऐकत्यात."

रांगेतली सगळी हसली. एक जण म्हणाला, "सांग की वहिनी, दूध नासंल का?"

त्या हशात मला माझे उत्तर मिळाले. आमच्या भागात माणसे फ्लेक्स वाचायला शिकलेली आहेत. लग्नपत्रिका, जत्रेची कुस्त्यांची हँडबिले, वाढदिवसाचे बोर्ड या सगळ्यांचा नियम एकच: ज्याचे नाव खाली, तो वरच्याच्या बाजूचा. मोबाईलचा पडदाही ती त्याच नियमाने वाचतात. वाचनात त्यांची चूक नाही. नियम मोडला आहे तो पडद्याने, आणि त्यांना ते कुणी सांगितलेले नाही.

मी रणदिवे सरांना अहवाल पाठवला. त्यांनी तो वाचून फोन केला.

"माणसं फार थोडी आहेत यात."

"हो सर. मला जेवढ्या केंद्रांवर जाता आले, तेवढेच हे आहे. यावरून सगळ्या महाराष्ट्राबद्दल काही सांगता येणार नाही."

"मग?"

"मग तुम्ही स्वतः या. नाही तरी नव्या मालासाठी डीलरांना भेटायला येणारच आहात. लासुर्ण्यापासून सुरुवात करा."

ते आले. सकाळची वेळ होती, दूध घालणारे जवळपास संपले होते. युनूसभाईंनी दुकानापुढे खुर्च्या टाकल्या आणि स्वतः चहा आणला. रणदिवे सरांनी पोत्यांची थप्पी पाहिली, पण काही विचारले नाही. युनूसभाईंनीही स्वतःहून काही सांगितले नाही. पाऊसपाणी, कालव्याचे आवर्तन, दुधाचा दर यांवर बोलणे चालू राहिले.

इतक्यात बिरूआबा आले. बिरूआबा हे त्या भागातले जुने पशुपालक. त्यांच्या घरची मेंढरे वडिलांच्या काळात सुटली, आता गोठ्यात संकरित गाई आहेत. बरीच वर्षे ते पेंड युनूसभाईंकडूनच नेत. त्यांनी कॅन मोजणीला ठेवला. आमच्या गाडीवरचे कंपनीचे नाव वाचले. मग ते थेट रणदिवे सरांपुढे येऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"पुण्याचं सायेब का तुमी?"

"हो आबा. बसा ना."

"बसत न्हाय. येक सांगायचं हुतं. लई चांगलं केलं बघा तुमी. आपलाच डीलर असून झाकलं न्हाय. व्हिडिओ काढून चारचौघांत सांगितलं. अशी कंपनी पायजे."

युनूसभाईंच्या हातात तेव्हा चहाची किटली होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही आणि चहा ओतलाही नाही.

रणदिवे सर खुर्चीत पुढे सरकले. "आबा, तो व्हिडिओ आमचा नाही."

"तुमचा न्हाय? मग खाली नाव?"

"ती जाहिरात आहे. ती आम्ही तिथे लावलेली नाही. मशीन लावतं."

आबांनी थप्पीकडे पाहिले. "पोत्यावर बी नाव मशीनच लावतंय की. मग ही पेंड बी तुमची न्हाय म्हणा."

दुकानात काम करणारे दोघे तोंड फिरवून हसले. सर हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि अगदी सावकाश म्हणाले, "पेंड आमची आहे. आम्ही ती लॅबमध्ये तपासली. हिच्यात काही मिसळलेलं नाही. युनूसभाईंनी काहीही केलेलं नाही. ती गाय ज्वारीच्या फुटव्यांनी गेली. व्हिडिओतला माणूस खोटं बोलतोय, आणि त्याच्या खाली आमचं नाव राहिलं ही आमची चूक आहे."

बिरूआबा युनूसभाईंवरच चिडले. "आरं मग हे आधी बोलाय काय झालं हुतं तुला? इतकं दिस रोज दूध घालतोय मी तुझ्यात. तोंड शिवलं हुतं का?"

"मी बोललो असतो तर तुमीच म्हणला असता, ह्यो हेच सांगणार."

"व्हय," आबा म्हणाले. "म्हणलो असतो."

त्यांनी चहा घेतला. जाताना युनूसभाईंनी विचारले, "आबा, पोतं टाकू का गाडीवर?"

"आज न्हाय. सणसरातनं आणलेली पोती हायत घरात. सपली की बघू."

'बघू' या शब्दात किती होकार आणि किती नकार होता, हे कुणालाच सांगता आले नसते. युनूसभाईंनी मान हलवली आणि कप उचलले.

आम्ही गाडीने परत निघालो. सणसर मागे गेल्यावर सरांनी सायलीला फोन लावला. "त्या प्लॅटफॉर्मवरचं सगळं थांबवा. हो, सगळं. ब्लॉक लिस्ट नको." मग फोन खाली ठेवून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्यांनी हात जोडले गं. त्या व्हिडिओसाठी माझे आभार मानले."

पुढे कंपनीत रीतसर मीटिंग झाली. तिथे विक्री विभागाने विरोध केला, आणि त्यांचा विरोध समजण्यासारखा होता. अखेर असे ठरले की त्या प्लॅटफॉर्मवर आमची जाहिरात असणार नाही. इतर ठिकाणी जी असेल, ती 'अलाउ लिस्ट'ने असेल. ही ब्लॉक लिस्टच्या उलट पद्धत. नको असलेल्या जागा वगळत बसण्याऐवजी आम्ही स्वतः पाहिलेल्या, पटलेल्या चॅनेलांची यादी करतो आणि आमचे नाव फक्त तिथेच जाते. ही पद्धत महाग पडते. आमची जाहिरात पूर्वीपेक्षा कमी लोकांना दिसते. नव्या मालाची सुरुवात आम्हाला हवी तशी झाली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मग प्रत्येकाने असे प्लॅटफॉर्म सोडावेत का? माझे तसे म्हणणे नाही. सणसरमध्ये बायकांचा एक गट पापड आणि शेवया करतो. त्या गटाची जाहिरात त्याच प्लॅटफॉर्मवर असते, कारण तेवढ्या खर्चात त्यांना दुसरीकडे कुणी उभे करत नाही. आणि त्यांचे नाव एखाद्या वाईट व्हिडिओखाली दिसले, तर तो व्हिडिओ शेवयावाल्या बायकांनी काढला असे कुणीही समजणार नाही. आमचे तसे नाही. आमचे नाव लोकांच्या गोठ्यात पोत्यावर रोज दिसते. ते जिथे लागते तिथल्या बोलण्याला वजन येते. शिवाय आम्हाला दुसरीकडे जाणे परवडते. माझ्या मते मोठ्या आणि लहान जाहिरातदाराच्या जबाबदारीत फरक पडतो तो या दोन कारणांनी.

युनूसभाईंसाठी मी मोठा फ्लेक्स सुचवला होता, कंपनीच्या खुलाशाचा. त्यांनी तो नाकारला. "खुलासा लावला की लोकं म्हणत्यात, कायतरी हाय म्हणूनच लावला." त्याऐवजी त्यांनी दुसरी गोष्ट मागितली. आमचा शेतकरी मेळावा दरवर्षी बारामतीच्या एका हॉलमध्ये होतो. तो या वेळी त्यांच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत घ्यावा, एवढेच. आम्ही घेतला. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून वर युनूसभाईंचे नाव होते आणि खाली आमच्या कंपनीचे. ती पत्रिका कशी वाचायची, हे त्या भागात कुणालाही शिकवावे लागले नाही. डॉक्टरांनी किरळ लागण्यावर व्याख्यान दिले. मेलेल्या गाईचा मालक पुढच्या रांगेत बसला होता. बिरूआबा उशिरा आले, मागे उभे राहिले, आणि व्याख्यान संपल्यावर मोठ्याने म्हणाले, "युनूस, दोन पोती टाक गाडीवर. आणि चहा हाय का संपिवला ह्यांनी?"

काही गिऱ्हाइके परत आली. काही अजून सणसरलाच जातात. व्हिडिओ आजही त्या प्लॅटफॉर्मवर आहे. परवा युनूसभाईंनी मला तो पुन्हा दाखवला. खाली आता एका टायर कंपनीची पट्टी आहे. रणदिवे सर म्हणाले होते तसेच झाले. मी त्या कंपनीच्या जाहिरात विभागाला सगळी हकीकत लिहून कळवली आहे. अजून उत्तर आलेले नाही.

या प्रसंगातून मी घेतलेला धडा छोटा आहे. आपले नाव कुठे लागावे हे आपण ठरवले नाही, तर ते दुसरे कुणी ठरवते. आणि वाचणारा त्याबद्दल आपल्यालाच धन्यवाद देतो किंवा दोष देतो.

हा निष्कर्ष मी थोड्या गावांतून आणि एका दुकानातून काढला आहे. तुमच्याकडे लोक वेगळ्या पद्धतीने वाचत असतील. म्हणून एक विनंती आहे. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात मोबाईल द्या. खाली जाहिरात असलेला कोणताही व्हिडिओ लावा आणि 'हा कुणाचा?' एवढेच विचारा. उत्तर सुचवू नका. त्यांचे बोट कुठे जाते, ते कृपया तुम्ही स्वतः पाहा.